कंबर दुखते, तरी लांब पल्ल्याची गाडी घ्यायची आहे. कुठली बघू?

निळं_हेल्मेट

नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येते.

वय ४२, उंची पाच फूट तीन, वजन ५४ किलो. एमआरआयच्या कागदावर "एल४-एल५ आणि एल५-एस१ डिस्क बल्ज" असं लिहिलंय, म्हणजे कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्यांमधल्या दोन गाद्या (डिस्क) थोड्या बाहेर फुगल्यात. ऑपरेशन झालेलं नाही, तसा विषयही निघालेला नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलेलं नाही. "दुखायला लागलं की थांबा, ओढू नका," एवढंच म्हणाले. पण दुखायला लागायच्या आधीच थांबता येईल अशी गाडी कुठली, ते त्यांना विचारून उपयोग नव्हता, म्हणून इथे विचारतेय.

दुखण्याचा नकाशा असा: पट्टा बांधतो त्याच्या बोटभर खाली, मणक्याच्या डावीकडे सुरुवात होते. तासाभराने ते डाव्या कुल्ल्यात उतरतं. गाडीवरून उतरले की लगेच सरळ उभं राहता येत नाही, दोन-चार पावलं वाकूनच टाकावी लागतात. मग चालत राहिलं की मोकळं होतं. चालताना कधीच दुखत नाही. खाली वाकून बुटाची नाडी बांधणं हा मात्र एक कार्यक्रम असतो. गेल्या वर्षी बादली उचलताना उसण भरली तेव्हापासून घरातलं जड काही माझ्या हाताला लागू देत नाहीत.

घरच्यांचा आग्रह, कार घे. त्यांना कितीदा सांगितलं की कारच्या खोलगट सीटवर माझं जास्त दुखतं. पटत नाही कुणाला. कार म्हणजे आराम हे समीकरण डोक्यात पक्कं बसलंय.

सध्या साधी १५० सीसीची रोजची गाडी आहे. आता दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटर, दोन-तीन दिवस सलग, असं फिरायचंय. एकटीनेच, मागे कुणी नाही, सामान थोडंच. शोरूममध्ये बसून पाहिलेल्या गाड्या: रॉयल एनफिल्ड मीटिअर ३५०, हिमालयन ४५० आणि सुझुकी व्ही-स्ट्रॉम २५० एसएक्स. मीटिअरवर बसल्या बसल्या घरी आल्यासारखं वाटलं, दोन्ही पाय जमिनीवर सपाट. बाकी दोन्हींवर नुसते चवडे टेकतात.

तर क्रूझर (मीटिअरसारखी), अॅडव्हेंचर (बाकी दोघींसारखी) की स्पोर्ट-टूरर (जरा पुढे झुकून बसायची)? कंबर सांभाळून ज्यांनी खरंच किलोमीटर काढलेत त्यांनी सांगावं. "गाडी सोडून द्या" हा सल्ला घरी फुकट मिळतो, इथे नको.

फुल्ल_टाकी

ताई, डोळे झाकून क्रूझर घ्या. सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं, पाय पुढे, पाठ सरळ. मीटिअर तुम्हाला आवडलीच आहे, मग प्रश्न कुठे उरतो? आणि लॉटरी लागली तर होंडाची गोल्ड विंग. सीटची उंची फक्त ७४५ मिमी, रिव्हर्ससुद्धा आहे.

मणकेश्वर

फुल्ल_टाकी, सोफा हीच तर त्यांची अडचण आहे. खोलगट कारसीटवर दुखतं असं त्यांनी स्वच्छ लिहिलंय.

ताई, तुमचं वर्णन वाचून माझंच कुणी लिहिलंय असं वाटलं. फक्त माझं उजवीकडे आहे. तेव्हा जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी गाडीचा प्रकार विसरा. तुमचं दुखणं कुठल्या बाजूला झुकल्यावर वाढतं, ते गाडी ठरवतं. ढोबळमानाने दोन तऱ्हा बघायला मिळतात. एकात पुढे वाकलं, बसलं की दुखतं आणि उभं राहिलं, चाललं की बरं वाटतं. गादीचं दुखणं बहुतेकदा असं वागतं. दुसऱ्यात नेमकं उलटं: उभं राहिलं, चाललं की कंबर आणि पाय भरून येतात आणि पुढे वाकून कशावर तरी रेललं की सुटका होते. उतारवयात मणक्याची पोकळी अरुंद झाली की असं होतं. दोघांनाही लोक "कंबरदुखी" म्हणतात आणि दोघांना एकच गाडी सुचवतात. एकाला ती मानवते, दुसरा विकून टाकतो. तुमची तऱ्हा पहिली दिसते. "दिसते" म्हणतोय, निदान करत नाही. एमआरआयमध्ये बल्ज तर काहीही दुखत नसलेल्या कित्येक लोकांनाही दिसतो, त्यामुळे कागदापेक्षा तुम्ही लिहिलेला नकाशा जास्त कामाचा.

पहिल्या तऱ्हेच्या माणसाला काय हवं? बसल्यावर कमरेचा नैसर्गिक बाक टिकला पाहिजे. पाय जसजसे पुढे जातात तसतसं कमरेचं हाड मागे कलंडतं, बाक सपाट होतो आणि पाठीचा 'सी' होतो. क्रूझरवर बसल्या बसल्या हे जाणवत नाही, कारण स्नायू सैल सुटलेले असतात आणि छान वाटतं. तासाभराने कळतं. आणि खरी गोम पुढे आहे. पाय पुढे असले की खड्डा आला तरी तुम्हाला सीटवरून उठता येत नाही. सगळा दणका माकडहाडावरून सरळ वर. पाय बुडाखाली असले की गुडघे थोडे ताठ करून अर्धा इंच उचललं जाता येतं आणि तेवढ्या अर्ध्या इंचाने दणक्याचा जीव जातो.

शोरूममध्येच करून बघायची एक परीक्षा सांगतो. गाडी डबल स्टँडवर घ्या, नसेल तर कुणाला तरी घट्ट धरायला सांगा. दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवा, हात हँडलवर नुसते टेकवा आणि हँडल न ओढता बूड सीटवरून उचलून बघा. उचललं गेलं तर गाडी पुढे विचारात घ्या. हँडलला लटकावं लागलं तर लांबच्या प्रवासासाठी ती तुमची नव्हे. मीटिअर काही अगदी टांगा पसरायला लावणारी क्रूझर नाही, तिचे फूटरेस्ट थोडेच पुढे आहेत. पण ही परीक्षा तिच्यावर करा आणि मग हिमालयनवर करा. फरक सांगावा लागणार नाही.

आता दणक्याबद्दल, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. "सिंगल सिलेंडर थरथरते, कंबर जाते" हे वाक्य या विषयावर कुठेही गेलात तरी ऐकू येईल. बसलेल्या माणसाचा मणका उभ्या दिशेच्या ज्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त साथ देतो ते सेकंदाला साधारण ४ ते ६ या गतीचे असतात. म्हणजे संथ, डुगडुगणारे. सिंगल सिलेंडर इंजिन ४००० आरपीएमला फिरतं तेव्हा त्याची थरथर सेकंदाला ६६-६७ वेळा होते. तिने हाताला मुंग्या येतात, पायाचे तळवे बधिर होतात, आरशात काही दिसत नाही. पण मणक्याला हलवतो तो रस्ता, आणि रस्ता आणि मणका यांच्यामध्ये असतात फक्त शॉकअप, टायर आणि सीट. म्हणून सिलेंडर मोजण्याआधी सस्पेन्शन बघा. हिमालयन ४५० ला पुढे-मागे २०० मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणजे चाक तेवढं वर-खाली हलू शकतं. मीटिअरला पुढे १३० आणि मागे त्याहून कमी.

गोल्ड विंगचं म्हणाल तर ती अपवादच आहे. २०१८ पासून तिला पुढे डबल विशबोन आहे, हँडलपर्यंत रस्ता फारसा पोचतच नाही. पण वजन साडेतीनशे किलोच्या वर. बादली उचलताना उसण भरलेल्या माणसाला ती पार्किंगमधून हलवायला सांगणं म्हणजे क्रौर्य. रिव्हर्स असला तरी.

सीटबद्दल थोडक्यात. मऊ सीट शोरूममध्ये विकली जाते, लांबच्या प्रवासात नाही. अंगठ्याने दाबून बघा. सहज तळाला लागत असेल तर तासाभरात तुम्ही फोमवर नाही, खालच्या पत्र्यावर बसलेल्या असाल. आणि सीट पुढे टाकीकडे उतरती नको. तुम्ही घसरत जाता, दर पाच मिनिटांनी स्वतःला मागे ढकलता आणि हे ढकलणं कंबरच करत असते.

उतरती_कळा

वय ६१, पोकळी अरुंद झालेल्यांच्या जमातीतला. मणकेश्वर यांनी दोन तऱ्हा सांगितल्या ते बरं केलं, कारण मी त्यांच्या सल्ल्याच्या बरोबर उलटा वागतो आणि सुखात आहे.

मला ताठ बसवलं की अर्ध्या तासात मांड्या भरून येतात. म्हणून माझी गाडी स्पोर्ट-टूरर, हँडल जरा खाली. पुढे झुकतो, पोटाशी टँक बॅग, तिच्यावर रेलतो. ताशी ८०-९० च्या पुढे वारा छातीला उचलून धरतो, मनगटावर भार राहत नाही. लोक म्हणतात या वयात असली गाडी? म्हणोत बापडे.

पण गर्दीत हाल. वेग नसला की वारा नाही, मग सगळा भार मनगटावर आणि मानेवर येतो. शहरातून जावं लागणाऱ्याने याचा विचार करावा.

वाऱ्यावरून आठवलं. निळं_हेल्मेट यांना ताठ बसणीची गाडी घ्यायची असेल तर काच बघून घ्या. ताठ बसलेल्या माणसाच्या छातीवर दिवसभर वारा आदळतो आणि हँडलला धरून राहण्यात पाठच शिणते. उलट चुकीच्या उंचीची काच असली तर वारा बरोबर हेल्मेटवर गरगरतो आणि मान आखडते. काचेची वरची कड नाकाच्या रेषेत किंवा थोडी खाली, म्हणजे तिच्यावरून रस्ता दिसला पाहिजे. तुमच्या उंचीला अनेक गाड्यांची काच आपोआपच बरोबर बसेल. बुटकेपणाचे असेही फायदे असतात.

फुल्ल_टाकी

माझा सोफा मागे घेतो. पण माझी कंबर क्रूझरवर ठणठणीत आहे हे नोंदवून ठेवतो. कमरेचा पट्टा बांधतो, त्याने असेल कदाचित. तोही सुचवा की.

हाडवैद्यीण

पेशाने फिजिओथेरपिस्ट, सवयीने मागच्या सीटवरची. पट्ट्यावरून आले.

रुंद पट्टा काही जणांना बरा वाटतो. ओटीपोट धरून ठेवतो, आपण वाकलो की आठवण करून देतो. लांबच्या दिवशी दुपारनंतर दोन तास बांधायला हरकत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत बांधून त्याच्यावर विसंबू नका. स्नायूंनी करायचं काम पट्ट्याला दिलं की स्नायू काम सोडतात.

गाडीच्या आधी एक गोष्ट, आणि ही सगळ्यांनाच. जांघेत, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा आला, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेल्यासारखं वाटलं, किंवा पाऊल उचलताना लुळं पडायला लागलं तर प्रवास तिथेच थांबवून सरळ हॉस्पिटल गाठायचं. उद्या बघू असं नाही. असं क्वचितच होतं, पण त्यात तासांना किंमत असते. कळ गुडघ्याच्या खाली उतरायला लागली असेल तरी आधी डॉक्टर, गाडी नंतर.

आता रोजचं. ताई, तुम्ही पहाटे निघणाऱ्यांपैकी असाल तर हे वाचा. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यातल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी उंची मोजली तर एखादा सेंटिमीटर जास्त भरते ती त्यामुळेच. फुगलेल्या गादीला वाकणं सोसत नाही. म्हणून उठल्यापासून पहिला तासभर वाकून करायची कामं नकोत. आणि प्रवासात नेमकं काय करतो आपण? अंधारात उठून, गाडीशेजारी वाकून बॅगा आवळत बसतो. बॅगा आदल्या रात्री बांधा. बूट उंचवट्यावर पाय ठेवून घाला.

थांबे दुखायच्या आधी घ्या. पन्नास मिनिटं, फार तर तास, मग उतरायचंच, बरं वाटत असलं तरी. आणि थांबल्यावर बाकावर बसायचं नाही! मी प्रत्येक थांब्यावर हेच बघते. बसून बसून दुखलं म्हणून लोक थांबतात आणि थांबून पुन्हा बसतात. चाला. दोन्ही तळहात कमरेवर ठेवून हळूच मागे झुका, पाच-सहा वेळा. तुमच्या तऱ्हेला हे मानवेल. उतरती_कळा यांनी मात्र हे करू नये, त्यांना ते त्रासाचं ठरेल. मागे झुकल्यावर पायातली कळ वाढली तर तुम्हीही थांबा.

व्यायामाचं विचारलेलं नाही तरी सांगते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम आहेत: कर्ल-अप, साइड प्लँक आणि बर्ड-डॉग. कंबर न वाकवता तिच्याभोवतीचे स्नायू दमदार होतात. जवळच्या फिजिओकडून एकदा नीट शिकून घ्या, पडद्यावर बघून करताना कर्ल-अपचं हमखास पोटाच्या बैठकांत रूपांतर होतं. गाडी ठरायला महिना लागणार असेल तर हा महिना त्यात घाला.

निळं_हेल्मेट

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

ती बूड उचलायची परीक्षा आज करून आले. सेल्समन आधी गोंधळला, मग त्याने हँडल धरलं. मणकेश्वर, तुमचं बरोबर. मीटिअरवर हँडलला लटकल्याशिवाय उठता येईना. हिमालयनवर सहज उठले. व्ही-स्ट्रॉमवरही.

पण आता माझी खरी पंचाईत. हिमालयनची सीट ८२५ मिमी, व्ही-स्ट्रॉमची ८३५. सिग्नलला चवड्यावर तोल सांभाळताना कमरेला जो पीळ बसतो तो मला आजच जाणवला. डावा पाय टेकवायला सगळं अंग डावीकडे कलवावं लागतं आणि माझं दुखणं डावीकडेच. शिवाय हिमालयन १९६ किलो. उतारावर चुकीची लावली तर मागे घेणार कोण? आणि प्रत्येक वेळी डबल स्टँडला लावणं?

थोडक्यात, कमरेला उंच गाडी हवी आणि पायांना बुटकी.

मणकेश्वर

पंचाईत खरी आहे, आणि ती पूर्ण सुटत नाही. कमी करता येते.

एक, दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत हा हट्ट सोडा. एक पाऊल पूर्ण टेकलं तर पुरे. थांबताना थांबायच्या आधीच बूड सीटवर जरा डावीकडे सरकवायचं, मग कंबर कलवावी लागत नाही, पाय सरळ खाली जातो. तुमचं दुखणं डावीकडे म्हणून उजवा पाय टेकवायचा मोह होईल, पण मग डाव्या पायाने गिअर आणि उजव्याने मागचा ब्रेक यांची कसरत होते. चढावर तर मागचा ब्रेक दाबून धरायला उजवा पाय वरच लागतो. मोकळ्या मैदानात दोन्हीचा सराव करून घ्या. बूट मात्र जाड तळव्याचे घ्या.

दोन, सीटची उंची कागदावरून कळत नाही. ८२५ ची अरुंद सीट ८०० च्या रुंद सीटपेक्षा बुटकी भासते, कारण मांड्या फाकत नाहीत. हिमालयनला कंपनीचीच कमी उंचीची सीट मिळते, ८०५ पर्यंत येते. पण ते मिलिमीटर बहुतेकदा फोममधून कापलेले असतात. ज्यासाठी उंच गाडी घेतली तेच कापून टाकणं झालं. लोअरिंग लिंक लावून गाडी खाली आणली तर वळणावर खाली घासणं, साइड स्टँडवर ती सरळ उभी राहणं असले नवे प्रश्न येतात. तेव्हा आधी सॅग जुळवा, म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी किती दबते ते. त्याने उंचीही उतरते आणि कंबरही वाचते. हे मी सगळ्यात शेवटी सांगणार होतो, पण खरं तर हेच सगळ्यात महत्त्वाचं.

तुम्ही ५४ किलो. गाडी शोरूममधून येते तेव्हा स्प्रिंग तुमच्याहून बऱ्याच जड माणसाच्या हिशोबाने आवळलेली असते. तुम्ही बसलात तरी ती दबतच नाही. मग २०० मिमी ट्रॅव्हल असून उपयोग काय, त्यातले पहिले मिलिमीटर हलतच नाहीत, आणि छोटे छोटे दणके सगळे वर येतात. मोजायचं असं: मागचं चाक हवेत असताना मागच्या अॅक्सलपासून बरोबर वर सीटखालच्या एका ठिकाणापर्यंत टेपने अंतर घ्या. तिथे चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे जागा हलणार नाही. मग हेल्मेट-जॅकेट घालून, सामान बांधून, तुम्ही बसा, दोन्ही पाय फूटरेस्टवर, आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजू द्या. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. तो एकूण ट्रॅव्हलच्या साधारण ३० टक्के हवा. २०० मिमीच्या गाडीला ६० च्या आसपास. तुमचं ३५-४० आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती आवळलेली आहे ते) सैल करत ६० कडे न्या. जितकी गाडी जास्त बसेल तितकी सीट जमिनीकडे आली. प्रीलोड पूर्ण सैल करूनही आकडा येत नसेल तर हलकी स्प्रिंग बसवून घ्या. त्यावर केलेला खर्च मऊ सीटवरच्या खर्चापेक्षा कितीतरी कामी येतो.

टायरमधली हवा पुस्तकात दिली आहे तेवढीच. हवा भरणारे चार पौंड जास्त भरतात आणि ते चार पौंड तुमच्या मणक्याला मोजावे लागतात.

तीन, वजन. व्ही-स्ट्रॉम २५० एसएक्स १६७ किलोची आहे, हिमालयनपेक्षा २९ किलो कमी. इंजिनाची ताकद कमी, पण तुम्ही एकट्या, सामान थोडं. उंची ८३५ आहे म्हणून तिला लगेच काट मारू नका, वजन कमी असलं की चवड्यावरही धीर राहतो. या दोन्ही जमल्या नाहीत तर मधला मार्ग म्हणजे होंडा हायनेस सीबी३५०: सीट ८०० मिमी, १८१ किलो, पाय बऱ्यापैकी खाली, बसणी ताठ. सस्पेन्शन त्या दोघींइतकं लांब नाही, ती तडजोड आलीच.

गाडी हलवण्याचं म्हणाल तर बसल्या बसल्या पायाने रेटत मागे न्यायची नाही. त्यात कंबरेला वाक आणि पीळ एकदमच मिळतात. उतरा, डाव्या बाजूला उभं राहा, नितंब सीटला टेकवा आणि पायांनी ढकला. लावतानाच तोंड चढाकडे किंवा बाहेर राहील असं लावा. डबल स्टँडला ओढायचं नसतंच. उजवा पाय स्टँडच्या दांड्यावर ठेवून अंगाचं सगळं वजन त्या पायावर टाका, पाठ ताठ, उजव्या हाताने ग्रॅब रेल फक्त दिशेला धरा. गाडी आपण होऊन मागे चढते. आणि गाडी आडवी झाली तर इंजिन बंद करायचं आणि कुणी येईपर्यंत बाजूला उभं राहायचं. गाडीकडे पाठ करून पायांनी उचलायची पद्धत आहे, चांगली आहे, पण तुमच्यासाठी नाही.

सॅक पाठीला लावून जाऊ नका. पाच किलोची सॅक प्रत्येक खड्ड्यात पाच किलो राहत नाही. मागच्या सीटवर बांधा.

उतरती_कळा

एक भर. हँडल थोडं लांब वाटलं तर रायझर मिळतात, २०-२५ मिमी वर आणि थोडे मागे आणणारे. लावल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. क्लच केबल आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना? आणि एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

निळं_हेल्मेट

ठरलं. विकत घ्यायच्या आधी व्ही-स्ट्रॉम आणि हिमालयन दोन्ही भाड्याने, वेगवेगळ्या आठवड्यात, दिवसभरासाठी. काही खास बघायचं का?

हाडवैद्यीण

त्या दिवशीपेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. मोजा घालताना पाऊल नेहमीइतकं वर येतंय का, की पलंगावर बसून ओढावा लागतोय? लिहून ठेवा, दोन्ही गाड्यांचं. एका आठवड्याने नुसतं आठवून तुलना होत नाही, ज्या गाडीचा रंग आवडला तिच्यावर कंबर कमी दुखली असंच आठवतं.

आणि दोन्ही दिवशी झोप, थांबे, सामान सारखंच ठेवा.

मणकेश्वर

भाड्याच्या गाडीचा प्रीलोड निघायच्या आधी बघा. आधीच्याने मागे माणूस आणि दोन पेट्या लादून तो घट्ट करून ठेवलेला असतो, आणि तुम्ही गाडीला शिव्या घालत परत येता. फिरवायचा पाना टूलकिटमध्ये असायला हवा. भाड्याच्या गाड्यांतून तो गायब असतो, तेव्हा ताब्यात घेतानाच त्यांच्याकडून सैल करून घ्या आणि मूळ खाच कुठली होती त्याचा फोटो काढून ठेवा.

शिवाय पहिल्या तासाचं मत धरू नका, कुठलीही गाडी पहिल्या तासाला चांगलीच असते. जाताना निम्मा रस्ता गुळगुळीत आणि निम्मा खराब असा निवडा. येताना तोच रस्ता उलटा, म्हणजे थकलेल्या कमरेला खराब तुकडा कसा लागतो तेही कळेल.

निळं_हेल्मेट

पहिली व्ही-स्ट्रॉम, येत्या रविवारी. टेप आणि चिकटपट्टी बॅगेत टाकली. मोजायला भाऊ येतोय, तोच "कार घे" वाला.

फुल्ल_टाकी

त्याला डबल स्टँड लावायला सांगा.